खारटकाकांचा कप

३ मार्च, सोमवार

तक्रार! माझ्यावर! सव्वीस वर्षं पाट्या रंगवल्या, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आज मालकांनी टेबलावरून कागद माझ्यापुढे सरकवला. लिहिणारी कोण, तर गेल्या आठवड्यात लागलेली पोरगी. माझा गुन्हा काय, तर मी तिच्या कपावर 'खारटी' लिहिलं.

आमच्या कारखान्याची रीतच आहे ती. नवीन माणूस आलं की पांढरा कप आणायचा, त्यावर मी ऑइलपेंटनं टोपणनाव लिहायचं आणि कप खिळ्याला टांगायचा. लंबू, घाईघाई, टकलू! माझ्या कपावर 'फौजदार' लिहिलंय, मी कधी रडले? आणि बेटांवरून आलेल्या माणसांना या गावात सगळेच खारट म्हणतात. मी काय पदरचं घातलं?

शुक्रवारी चौकशी. तक्रार खरी ठरली तर अक्षरविभाग माझ्याकडून काढून घेणार. एवढ्याशा शब्दापायी!

४ मार्च

पोरीला बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, अगं, प्रेमानं म्हणतो. खारटकाकांना विचार, तेही बेटावरचेच. चौदा वर्षं वार्निश मारतायत, एका शब्दानं कधी बोलले नाहीत.

ती ब्रश धूत होती. मान वर न करता म्हणाली, "लंबूला तुम्ही उंची बघून लंबू म्हणालात. माझं काय बघितलंत? मी आल्याच्या दिवशीच कप तयार होता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! घरी येताना उत्तरं सुचली चार-पाच, पण त्यांचा काय उपयोग.

५ मार्च

सगळ्यांचे कप खाली काढले, अक्षरं ताजी करायला. दरवर्षी मार्चात करावंच लागतं. धुऊन धुऊन 'लंबू'चा 'लं' गेलाय, माझा 'फौजदार' तर ओळखूच येत नाही. फक्त काकांच्या कपाला हात लावावा लागला नाही. चौदा वर्षांत एकदाही रंग उडाला नाही. सगळ्यांना हाक मारून वर दाखवला. म्हटलं, बघा, याला म्हणतात हात!

काका वार्निशच्या खोलीतून बघत होते. हसले.

६ मार्च

शहरातून लेकीचा फोन. तिच्या ऑफिसात म्हणे आपल्याकडच्या लोकांना 'तेलकट' म्हणतात. डोक्याला तेल लावतो म्हणून. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हटलं, कोण म्हणतो, नाव सांग त्याचं. ती म्हणाली, "जाऊ दे गं आई, प्रेमानं म्हणतात."

फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं तर नाही ना होत माझं? पण माझ्या मनात खरंच वाईट नव्हतं. मग लेकीच्या ऑफिसातल्यांच्या मनात तरी असेल का? नसेलही. तरी मला लागलंच की. आता यात कुणाचं चुकलं? लागतं ते कुठून लागतं?

उद्या चौकशी. झोप येईल असं वाटत नाही.

७ मार्च, शुक्रवार

सुटले! मालकांनी काकांना विचारलं, या शब्दाचा तुम्हाला त्रास होतो का? काका म्हणाले, "बाईंच्या मनात वाईट नाही." मालकांनी तेवढंच लिहून घेतलं आणि काकांनी सही केली. जीव भांड्यात पडला. पोरीची तक्रार गैरसमजातून झाली असं ठरलं. ती नुसती काकांकडे बघत राहिली.

एक गोष्ट आत्ता लिहिताना लक्षात येतेय. विचारलं होतं त्रासाबद्दल. उत्तर आलं ते माझ्या मनाबद्दल.

असो. सुटले ते महत्त्वाचं.

९ मार्च, रविवार

काकांचे आभार मानायला त्यांच्या घरी गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा! दोन खोल्या, खिडकीत शिवणाचं मशीन. काकूंनी खुर्ची पुसून दिली आणि न विचारता चहा टाकला. मला दिला, काकांना दिला. काकांनी फुंकर मारून मारून संपवला आणि पेला पुन्हा पुढे केला. काकू म्हणाल्या, यांना सुट्टीच्या दिवशी सहा वेळा लागतो, घरात पावडर पुरत नाही.

मी बघतच राहिले. कारखान्यात चारला किटली आली की काका वार्निशच्या खोलीत निघून जातात. पहिल्या आठवड्यापासून सांगतात, पोटाला सोसत नाही, सोडला. म्हटलं, "काका, तुम्ही तर चहा सोडला होता ना?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, तिथला सोडला.

मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या. कशाबशा झाल्या.

१० मार्च, सोमवार

सगळ्यांच्या आधी पोचले. काकांचा कप खिळ्यावरून काढून आत बघितलं. बोटभर धूळ. तळाला चहाचा एक डागसुद्धा नाही. बाहेर माझी अक्षरं कोरी करकरीत — आणि मी सगळ्यांना दाखवत होते, बघा माझा हात!

पात्यानं अक्षरं खरवडून काढायला तासभर लागला. मग पोरीचा खरवडला. मालक आल्यावर सांगितलं, तो सहीचा कागद फाडा, पोरीचं खरं आहे, विभागाचं काय करायचं ते करा.

काकांना विचारलं, कपावर काय लिहू? म्हणाले, "कोराच राहू द्या, बाई."

चारला किटली आली. काकांनी कप पुढे केला.