येऊन राहिला ना आवाज

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इतके दिवस गप्प बसले. आज बसवत नाही. आज मी तुमच्यावर रागावले आहे, आणि हा राग काही आजचा नाही.

परतवाड्याच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते, तो दिवस. दहावीच्या वर्गात तुम्ही टेबलावर काचेची मोठी हंडी मांडली आणि आत जुन्या रेडिओचा छोटा स्पीकर ठेवला. त्याची वायर बाहेरच्या रेडिओला जोडलेली. हंडीत कोणी भला माणूस तुरीवरच्या अळीचा बंदोबस्त सांगत होता. पंपानं हवा काढायची. हवा गेली की आवाज बंद, कारण आवाजाला वाट हवी आणि निर्वातात वाटच नसते. "चंद्रावर वरात काढली तं भोंगा कितीबी मोठा लावा, घोड्यालेबी पत्ता लागनार नाही," असं तुम्ही शिकवताना सांगितलं होतं, आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. निष्कर्ष आदल्याच दिवशी वहीत उतरवून घेतला होता. तपासणीची तीच रीत होती. निष्कर्ष आधी, प्रयोग मागून, आणि तुम्ही विचारलं की सगळ्यांनी एका सुरात "हो सर" म्हणायचं.

पंप धापा टाकतो आहे. स्पीकरच्या पडद्यावर टाकलेले थर्माकोलचे मणी नाचताहेत. आवाज बारीक होत जातो, पण जात नाही. तुम्ही विचारता, "झाला ना आवाज बंद?" वर्ग म्हणतो, "हो सर!" आणि पहिल्या बाकावरून मी म्हणते, "नाही सर. येऊन राहिला ना आवाज. फवारनी म्हनते तो."

साहेब हसले. तुमचे कान लाल झाले. "मोठी शायनी झाली काय? एवढ्या पोराइले येत नाही, तुले एकटीलेच येते?"

मी टेबलावर हात ठेवून पाहिलं होतं, लाकूड थरथरत होतं. दुसऱ्या दिवशी घरून मूठभर कापूस आणला, स्पीकरखाली घालून पाहू म्हणून. तुम्ही म्हणालात, "कापूस घरी गादीत भर." वर्ग हसला. तेही मी गिळलं असतं. पण निकालानंतर बाबा तुम्हाला विचारायला आले, पोरीला कुठे टाकू, तेव्हा मी दाराबाहेरच उभी होते. "हिले विज्ञान नाही झेपत. आर्टले टाका." विज्ञानात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क माझे होते, सर! मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. बाबांचं एकच, "सर सांगतात तं खरंच असन." तुमचा शब्द म्हणजे आमच्या घरी काळ्या दगडावरची रेघ.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? प्रश्न विचारायची खोड मला तुम्हीच लावली. फुटक्या भोंग्यातलं चुंबक काढून तुम्ही मला बक्षीस दिलं होतं, कारण भोंग्यातून आवाज निघतो कसा हे विचारणारी मी एकटीच होते. मग साहेबांसमोर खरं बोलले तर कुठे बिघडलं? तुमची घटकाभर फजिती झाली, एवढंच. तेवढ्यासाठी एका पोरीची वाट बंद करायची? आणि आवाज का येत राहिला, याचं कारण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काही मूर्ख मास्तर नव्हता.

मी अकोल्यात मराठी शिकवते. बरं चाललंय. आज तास संपवून प्रयोगशाळेवरून जात होते, तर विज्ञानाच्या नव्या बाई तोच प्रयोग दाखवत होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. हंडीत स्पीकर, त्यावर तसेच मणी, आणि त्याला मोबाईल जोडलेला. हवा काढली तरी गाणं चालूच. एक पोरगी ओरडली, "मॅडम, येऊन राहिला अजून!" मी दारातच थांबले. म्हटलं, संपलं हिचं.

बाई म्हणाल्या, "हो नं वं, मलेही येऊन राहिला. काहून येत असन?"

बस्स. तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं, सर. एवढंच! मी दारातच उभी राहून रडले, रागानं. पोरी टेबलाला कान लावू लागल्या. एकीनं "खालून येते, मॅडम, टेबलातून" म्हणत हंडी उचलायला लावली आणि आपला स्वेटर घडी करून स्पीकरखाली सारला. पंप पुन्हा सुरू झाला. गाणं विरत विरत गेलं, मणी नुसतेच नाचत राहिले, आणि पोरींनी एकच गिल्ला केला.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते जायचं तरी कसं? तरी एक सांगते. आवाज गेला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तुम्ही उभे आहात का म्हणून. एवढी चिडले आहे, तरी "बरोबर आहे तुझं" हे मला अजून तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.