शेराचे माप आणि चुनीलालची पँट

१२ मे १९५९
मोतीलालकाकांकडे लग्न. पंगत बसली, पण म्हसावदचा चुनीलाल खांबाला टेकून उभाच. नळीसारखी पँट. टोपी नाही, कारण टोपीने केसांचा फुगा चेपतो. सरपंच भाईदासआबा पत्रावळीवरून ओरडले, "हाऊ अन्नाना अपमान शे!" तो म्हणाला, "अपमान नही आबा, शिलाई शे. बठनू तं फाटी जाई." बायका हसल्या. मी हसले नाही. मला ठसका लागला होता.

याच चुनीलालचे स्थळ मला आले आहे. बापूंना नाही म्हणून सांगितले. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. सातवीची फायनल पास, आता मुलींच्या शाळेवर मास्तरीण. माझे पाऊल वाकडे पडले तर या गावात पुन्हा कुणी मुलीला पाटी घेऊन देणार नाही.

१५ मे
रात्रभर विचार केला. नळीची पँट घालणाऱ्या सगळ्याच पोरांना सरसकट गुंड म्हणणे अन्यायाचे. प्रमाण हवे. घरातले ज्वारीचे शेराचे माप घेतले. पँटच्या मोहरीत, म्हणजे पायाच्या तोंडात, माप शिरले तर माणूस सभ्य, न शिरले तर गुंड. आबांना पसंत. सुकलाल शिंप्याला समजावले, आता असेच शिवायचे. तो म्हणाला, "बाई, हाई पँट शे, दानानी कोठी नही." अशिक्षितपणा. माप त्याच्याकडे ठेवून आले.

१६ मे
माय सकाळपासून ओरडते आहे, "माप कोठे गये व?" मजूर बायांना ज्वारी ओंजळीने दिली. भांडण झाले. समाजकार्यात घरच्यांची थोडी गैरसोय व्हायचीच.

३ जून, बुधवार
सुकलालच्या दुकानी तपासणीला गेले. चुनीलाल पँट न्यायला आलेला. तो बुधवारी येतो हे मला ठाऊक होते, पण कामापुरते. पँट मापली. (टेबलावर होती, अंगावर नव्हती. लिहून ठेवलेले बरे.) माप मोहरीत अडकले ते अडकलेच. मी ओढले, सुकलालने ओढले. चुनीलाल म्हणाला, "माप तुमनं, पँट मन्ही. आते दोन्ही कोना घर जातीन?"
कडक उत्तर द्यायला हवे होते. कान तापले. यंदा ऊन फार. शेवटी शिवण उसवून माप काढले.
निश्चय: ही पोरे बसस्टँडवर उभी असतात. तिकडे पाऊल टाकायचे नाही.

४ जून
पोस्टात काम होते. पोस्ट बसस्टँडलाच आहे.

५ जून
पोस्टाचे तिकीट घ्यायचे राहिले होते.

८ नोव्हेंबर १९६१
दिवाळी. आबांचा मुलगा धुळ्याच्या कॉलेजातून आला. नळीची पँट, बोडके डोके, हा एवढा फुगा. मला वाटले, आबा काठी घेतील. आबा म्हणाले, "पोरगा साहेब दिसस." मी अन्नाच्या अपमानाची आठवण दिली. म्हणाले, "जमाना बदलना बाई. आते पंगतमा खुर्च्या मांडसूत."
माझे मत बदललेले नाही. मात्र वडीलधाऱ्यांनी बदललेले मत आपणच धरून ठेवणे हा उद्धटपणा तर नव्हे? विचार चालू.

९ एप्रिल १९६२
सरकारने शेर बंद केला आहे, हे आज शाळेत मुलींना शिकवताना लक्षात आले. बंद झालेल्या मापाने माणसाला गुंड ठरवायचे म्हणजे बेकायदाच. कायद्याच्या दृष्टीने चुनीलाल निर्दोष. त्याचे अजून कुठे जमलेले नाही. (मी चौकशी केलेली नाही. कानावर आले.) उद्या बापूंना सांगायचे, तत्त्वतः हरकत नाही.

१० एप्रिल
परीक्षा. सांगितले नाही.

६ मे
सांगितले. बापू म्हणाले, "इतलं सांगाले तीन वरीस लागनात?" घाईने घेतलेला निर्णय टिकत नाही, हे त्यांना कसे कळावे? पण पागोटे बांधून निघाले.

८ मे
बापू म्हसावदहून आले. आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, चुनीलालची आई म्हणते, "नळीनी पँट आते कोन नही घालत? पन तुमनी पोर एकली हिंडस, शिंपीकडे बठीसन पोरेसन्या पँटी मापस. इतली फॅशन आमना घरमा चालाव नही."
चुनीलाल काय म्हणाला? खाली मान घालून बसला होता म्हणे.
नक्की गैरसमज. बाई दुसऱ्याच कुठल्या मुलीविषयी बोलत असणार. इतकी वाया गेलेली मुलगी या गावात असती, तर सर्वांत आधी मलाच कळले असते. बापूंना मुद्दा नीट मांडता येत नाही. उद्या पहिल्या एसटीने मी स्वतःच म्हसावदला जाते, आणि त्यांच्या ओट्यावर बसून एकेक गोष्ट समजावून सांगते. सोबत कुणी नको.