दादाच्या अंगातला देव

सूर्यमाळ,
२ एप्रिल २०२५

ती. ममताताईस,
दिपेशचा सा. न. वि. वि.

पत्र आलं म्हणून हसू नकोस. फोन मी विहिरीत फेकला. कविताने माझा निरोप वाचला आणि उत्तर दिलं नाही, डोकंच फिरलं. विहीर कोरडी, तो दगडावर फुटला. बा म्हणतो, कॉलेज अर्ध्यात सोडलंस तेव्हा डोकं तिथेच राहिलं.

पण खरी बातमी पुढे आहे. आपल्या लक्ष्यादादाच्या अंगात देव आला! ठाण्याच्या साइटवरून आल्यापासून तो माळावर एकटाच बसतो, बिडीत गांजा भरून ओढतो. आता त्याला कोणीतरी बोललेलं ऐकू येतं. जेवत नाही, झोपत नाही. हंड्यात कोणी काही कालवलंय म्हणून पाणीसुद्धा पीत नाही. बोहाड्याच्या जत्रेत देवांची सोंगं नाचतात, त्यातला भैरोबाचा मुखवटा आपल्याच घरचा माणूस घालतो, यंदा दादा. त्यामुळे सगळा पाडा म्हणतो, देव आधीच येऊन बसला. बायका नारळ घेऊन येतात. कवितासुद्धा पाया पडून गेली, आणि जाताना माझ्याकडे बघितलंन, शप्पथ.

दादासारखा माणूस पाड्यात नाही, ताई. बोहाड्याला ये. आणि माझ्यावर चिडायचं तेवढं चिड, जीव लावायचं सोडू नकोस.

तुझा,
दिपेश


जव्हार,
५ एप्रिल २०२५

चि. दिपेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी तशीच उठले. आमच्या आश्रमशाळेतल्या मुलांना तपासायला मनाचे डॉक्टर येतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, गांजाने काहींना असे आवाज ऐकू येतात, सगळ्यांचा संशय येतो. पुढे ते वाढूही शकतं. हा आजार आहे, यावर उपचार आहेत, पण उशीर नको. त्याला गांजा देऊ नका, त्याच्याशी वाद घालू नका, एकटं सोडू नका, कोयता नजरेआड ठेवा. आणि मंगळवारी ते इथल्या दवाखान्यात असतात, तिथे आणा.

देवाच्या नावाखाली माझा भाऊ हातचा जायला नको, दिपू. कविताची नजर मग मोज. रागाच्या भरात काही करू नकोस, एवढं या बहिणीचं ऐक.

तुझी,
ममताताई


सूर्यमाळ,
७ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाच्याच खिशात घालून देतोय. तो आणि आय उद्या सकाळच्या जीपने येतायत.

तुझं पत्र वाचून मी पेटलो. देवाला आजार म्हणतेस म्हणजे काय! तसाच दादापुढे गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवलं, म्हटलं बघ, तुझी बहीण तुला काय समजते. वाटलं तो भडकेल. तो म्हणाला, परत वाच. आवाज ऐकू येतात, तिथपर्यंत आलो तर डोळे मिटून बसला.

आज बोहाड्यासाठी मुखवटे उतरवून पूजा झाली. सगळा पाडा जमलेला. भैरोबाचा मुखवटा पुढे केला, तर दादाने हात मागे घेतले. म्हणाला, मी याला हात लावणार नाही. माझ्यात देव नाही. देव असता तर त्याने मला माझ्या आयच्या हातच्या पाण्याची भीती घातली असती का? मी गांजा ओढतो, तो सुटत नाही, मला भीती वाटते, मला दवाखान्यात न्या.

मग पाड्यातले जाणते म्हणून बुध्याकाका म्हणाले, सोंग नाकारलं तर मान दुसऱ्या घरी जाईल. दादा म्हणाला, जाऊ दे. बा खाली बघत होता. मग त्यानेच मुखवटा उचलून बुध्याकाकांच्या हातात दिला.

मला रडायला आलं, पण लाजेने नाही. एवढ्या माणसांपुढे असं बोलायला माझी छाती झाली नसती. माझा दादा तुझ्या पदरात घालतोय, सांभाळ.

दिपेश


जव्हार,
२४ एप्रिल २०२५

चि. दिपेशास आशीर्वाद.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं की याला कोणी आणलं. आय बोलणार तेवढ्यात लक्ष्या म्हणाला, मीच आलो. डॉक्टर हसले, म्हणाले, मग अर्धं काम तू केलंस.

तो आणि आय माझ्याकडेच राहिलेत, पण सोपं नाही रे. झोप येत नाही, आमच्यावर खेकसतो. गेल्या आठवड्यात एसटी डेपोमागे जाऊन एकदा ओढून आला. दुसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना जाऊन सांगितलंन. मी रागावणार होते, त्यांनी मला गप्प बसवलं. गोळ्या चालू आहेत, आवाज कमी झालेत. काल माझ्या हातून पाणी घेतलंन. पेला रिकामा केला.

कॉलेजचा फॉर्म कधी भरतोस ते कळव. तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई


सूर्यमाळ,
९ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोहाडा झाला. बुध्याकाकांचा मुलगा भैरोबा होऊन नाचला, चांगला नाचला. कोणीतरी मागून म्हणालं की लक्ष्याचं डोकं गेलं म्हणून सोंग गेलं. मी वळलो, मूठ वळली होती. बाने मनगट धरलं आणि त्या माणसाला एवढंच सांगितलं की गेलं नाही, दुरुस्त व्हायला गेलंय.

आणि ऐक. काल टँकरच्या रांगेत कविता माझ्याजवळ आली. आपणहून! माझा हंडा कलंडायचाच राहिला. तिने हळूच विचारलं की ते डॉक्टर मंगळवारीच असतात का. तिचा भाऊ कान्हा, जव्हारला शिकायला होता तो, आता गांजाशिवाय उठत नाही. दादाने सगळ्यांपुढे सांगितलं, तेव्हापासून म्हणे तोही आईला विचारत होता की आपल्याला नेतील का.

मी निरोप पाठवला तेव्हा घरच्या या काळजीत तिला काय बोलावं ते सुचलं नसेल, आता समजलं. मंगळवारच्या जीपमध्ये त्या दोघा बहीणभावांची जागा धरलीय. मी टपावर बसेन. दादाला सांग, कान्हाला आत घेऊन जायला दारात उभा राहा, त्याने तुझंच नाव घेतलंय.

तुमच्या दोघांचा,
दिपेश