वसुमतीच्या नावाची बाटली

१ जून १९६४, सोमवार
अखेर बंगळूर! निपाणीच्या उन्हातून आलेल्या माणसाला जूनमध्ये स्वेटर शोधावा लागतो, ही थट्टाच आहे. राजाजीनगरात खोली मिळाली. मालकीण अंबूबाईंचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इथं आलं. मराठी बोलतात, पण मधूनमधून कन्नड पेरून. 'अण्णा, स्वल्प खाऊन जा,' म्हणत त्यांनी चार दोसे वाढले.

प्रयोगशाळेचे साहेब भगवंतराव. काम डीएनएचं, म्हणजे पेशीतल्या त्या लांबलचक धाग्याचं. माणूस जसा असतो तसा का असतो, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. इथली रीत अशी, की नव्या माणसानं पहिला धागा स्वतःच्या रक्तातून काढायचा. माझं रक्त घेतलं. अर्धं माझ्या हाती दिलं, अर्धं बर्फाच्या कपाटात ठेवलं. महिनाअखेरीस मी आणि माझ्याबरोबरच लागलेली वसुमती यांच्यातला एकच जण कायम होणार आहे. तो मीच, यात मला शंका नाही.

४ जून
पेशी साबणासारख्या रसायनात फोडायच्या, मीठ घालायचं, क्लोरोफॉर्मनं प्रथिनं वेगळी करायची आणि वरून गार अल्कोहोल काचेच्या कडेनं अलगद सोडायचं. मग दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू उठतात, ते काचेच्या कांडीवर गुंडाळून घ्यायचे. हिसका बसला की धागा तुटतो. माझा नुसता चुरा झाला. वसुमतीचा जानव्याच्या सुतासारखा अखंड निघाला.

धाग्याची लांबी मोजायला बारीक नळी आहे. लांब धाग्याचं द्रावण दाट असतं, ते नळीतून सावकाश उतरतं. तिचं उतरायला दोनशे दहा सेकंद, माझं ऐंशी. भगवंतरावांनी तिची कांडी सगळ्यांना दाखवली आणि मला हात हलका ठेवायला सांगितलं. कांडीच खडबडीत होती, त्याला मी काय करू? नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणेल. म्हणो.

नंतर वसुमती जवळ आली. 'बेजार नको होऊ, कृष्णात अण्णा,' म्हणाली. कपाटात तुझं रक्त उरलंय, मी मदत करते, परत काढून बघू, असंही म्हणाली. मला कोणाची मदत नको, असं मी तिला ऐकवलं.

९ जून
आज तिची नवी बाटली आली. चिठ्ठीवर ठसठशीत 'वसुमती'. दोनशे तीस सेकंद! भगवंतराव म्हणाले, असा धागा या खोलीत आजवर निघाला नाही. माझ्या पोटात दुखलं, खरंच दुखलं. ही पोरगी हसत हसत माझी जागा घेणार.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कॉफीला गेले. मी बारीक सुईची सिरिंज घेतली, तिच्या बाटलीतलं द्रावण ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं. वीस वेळा. सुईतून जाताना धागा तुटतो. बाटलीकडे पाहून मात्र कोणाला काही कळत नाही.

१० जून
एकशे साठ! तिचा चेहरा पडला. मला इतकं बरं वाटलं की अंबूबाईंकडे दोनदा भात मागून घेतला. सकाळी फणीत केसांचा झुबका आला. इथलं पाणी मानवत नसावं.

१३ जून
काल पुन्हा. पन्नास वेळा. आज नळी एकशे दहा सांगते.
माझी नखं उभी चिरली आहेत, दहाच्या दहा. अंबूबाईंनी माझ्या आईचं नाव विचारलं आणि मला ते आठवेना. रस्त्यावर येऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे आठवलं. गोजराबाई. इथे लिहून ठेवतो.

१६ जून
शंभर वेळा ओढलं. थांबवत नाही. तिची बाटली दिसली की हात आपोआप सिरिंजकडे जातो.
वाक्य बोलायला घेतो आणि मध्येच — पुढचं सापडत नाही. वसुमती मात्र टवटवीत. वेणीत मल्लिगेचा गजरा. तिला काहीच कसं होत नाही? तिला का व्हावं, हेही कळत नाही. असं का लिहिलं मी?

१९ जून
नोंदवही पाहिली. आधीच पाहायला हवी होती. इथे बाटलीवर धागा काढणाऱ्याचं नाव असतं. रक्त कोणाचं, ते वहीत.
नऊ जूनची ओळ. काढणारी: वसुमती. रक्त: कृष्णात.
खाली तिच्याच अक्षरात — हा धागा कृष्णातच्या कामात धरावा, त्याची जागा जाऊ नये.
माझा. केस, नखं, आईचं नाव. मी माझाच —

२० जून
आज तीस सेकंद. म्हणजे जवळजवळ पाणीच. तुटलेलं जोडता येत नाही.
भगवंतराव वसुमतीला म्हणाले, लांबी तर गेली, आता सोमवारी दहाला तापवून पाहा. धागा दुपदरी असतो. किती उष्णतेला दोन्ही पदर सुटतात, ते मोजायचं.
वसुमतीला सांगितलं तर ती थांबेल. पण मग तिला सगळं कळेल. ती रागावणारही नाही, कीव करेल. तिची कीव — नको. त्यापेक्षा —

२१ जून
सांगणार. ठरलं. चिठ्ठी लिहितो. वसुमती, बाटली तापवू — पुढचा शब्द — होता इथेच —
आईचं नाव मागच्या पानावर आहे. वाचलं. कोण ही?

२२ सोमवार
आलो. तिच्यासमोर. तोंड उघडतं, आवाज नाही. ती म्हणते ताप आहे तुला. खुर्ची दिली. पाणी दिलं. वही दाखवली — अक्षर लागत नाही म्हणते —
साठ अंश. मोठ्यानं वाचते.
सत्तर. अंग —
ऐंशी. हसली. म्हणते अण्णा, गुपित सांगते, हा तुझाच, तुझ्यासाठी काढ —
पंच्याऐंशी. डावा हात उजव्याला ओळख —
सुट