पळसाच्या पानांचा माणूस

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी वाद घालावा असं मला कधी वाटलं नव्हतं. आज वाटतंय. दुपारचे तीन वाजलेत, कॉलेजला सुट्टी आहे, अकरावीचे तर्कशास्त्राचे पेपर पलंगावर पसरून बसले आहे आणि त्यातला एकही तपासून झालेला नाही. पलीकडच्या खोलीत सासूबाई ओल्या फडक्यानं पळसाची पानं पुसताहेत. उद्या त्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, देवळीहून पवनारला धाम नदीच्या काठी न्यायचा आणि तिथे त्याला अग्नी द्यायचा. तो माणूस म्हणजे माझा नवरा. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तो ‘वर्ध्याले जाऊन येतो’ म्हणून एसटीत बसला आणि आलाच नाही. ज्याचा बारा वर्षं ठावठिकाणा लागत नाही, त्याचं आमच्याकडे असं करतात. कायद्याला मात्र सातच वर्षं पुरतात.

म्हणजे हिशेब बघा. सातबाऱ्याचं काम अडलं म्हणून दिरानं मला कोर्टात अर्ज करायला लावला, आणि गेली पाच वर्षं माझा नवरा सरकारच्या कागदावर मेलेला आहे. घरात मात्र तो जिवंत. रोज सकाळी मी साडीच्या निऱ्या घालत असते तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहतात. ‘कुंकू लाव वं. माया पोरगा जित्ता हाय.’ मी लावते. एकदा तसंच कुंकू लावून आणि मंगळसूत्र घालून मी मृत्यूचा दाखला घेऊन तहसीलला गेले. तिथला बाबू एकदा कागदाकडे बघतोय, एकदा माझ्या कपाळाकडे. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, हे तुमचेच मिस्टर ना?’ मी हो म्हटलं. मग तशीच कॉलेजला गेले आणि फळ्यावर लिहिलं, एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच अर्थानं असेल आणि नसेल, असं होऊ शकत नाही. तुम्ही आम्हाला सांगितलं होतं त्याच शब्दांत.

हे वाक्य तुम्ही मला वर्गात शिकवलंत, पण कळलं ते तुमच्या पवनारच्या स्वयंपाकघरात. रविवार आहे, मी पुस्तक परत द्यायला आलेय. तुमच्या घरच्या बाई वारल्यापासून तुम्ही स्वतःच रांधता. बनियनवर आहात, चष्म्यावर वाफ, स्टोव्हवर वरण. तुम्ही पळीतलं वरण माझ्या तळहातावर टाकता आणि विचारता, ‘मीठ हाय का नाई?’ मला शहाणपणा सुचतो. म्हणते, ‘सर, आहे पण आणि नाही पण. बघा, तुमचा नियम मोडला.’ तुम्ही हसाल असं मला वाटतं. तुम्ही स्टोव्हची हवा सोडता. ‘कमी हाय मनून सांग ना बाप्पा. तुले नीट सांगता नाई आलं, तं त्याचा दोष वरणाले काऊन देतं?’ मग मिठाचा डबा माझ्याकडे सरकवता, आणि माझा चेहरा पडलेला बघून पानावर बसवून जेवायलाही घालता. परत जाताना बसमध्ये मला रडू आलं होतं. वरण मात्र फार चांगलं झालं होतं, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं.

त्या एका बोलण्यावर मी बारा वर्षं काढली, सर. कोर्ट एक म्हणतं, सासूबाई दुसरं म्हणतात, पण तो स्वतः कुठेतरी एकतर आहे, नाहीतर नाही. आपल्याला माहीत नाही एवढंच. माहीत नसणं म्हणजे जगात गडबड असणं नव्हे. हे मी स्वतःला भांडी घासताना सांगितलं, स्टाफरूममध्ये बायका एकदम गप्प व्हायच्या तेव्हा सांगितलं. त्याचा आधार वाटायचा. आता त्याचाही कंटाळा आलाय.

आणि गंमत म्हणजे उद्याचं हे सासूबाईंनीच काढलंय. दिवाळीनंतर एक दिवस त्या अचानक म्हणाल्या, ‘बारा वर्सं झाले. आता करून टाका त्याचं. मले मोकळं होऊन जाऊ द्या.’ दिरानं विधी सांगणाऱ्या महाराजांना बोलावलं. त्यांनी सगळं सामान सांगितलं, सासूबाईंनी मान हलवत ऐकून घेतलं, आणि ते उठायला लागले तशा म्हणाल्या, ‘अन् मंग तो आला तं?’ महाराज परत बसले. त्याचीही सोय आहे म्हणाले. विधी झाल्यावर माणूस परत आला तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. तुपानं न्हाऊ घालायचं, पुन्हा नाव ठेवायचं, आणि लग्नसुद्धा पुन्हा लावायचं, त्याच बाईशी. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. सासूबाईंना हे एवढं पटलं की महाराज गेल्या गेल्या मला म्हणाल्या, ‘घरचं तूप येगळ्या बरनीत काढून ठेवजो. त्याले हात नोको लावजो.’ मी काढून ठेवलं. ज्याला उद्या जाळायचं, त्याच्याच आंघोळीचं तूप फडताळात आहे. आणि त्या वेड्या नाहीत, सर. तुम्ही त्यांना काय म्हणाला असता?

आज सकाळी पानं निवडता निवडता त्यांनी मला विचारलं, ‘तू हेच शिकवतं ना वं कॉलेजात? मंग सांग मले. हाय का नाई तो?’ मी म्हटलं, मला माहीत नाही. आठ वर्षं हे उत्तर खरं होतं. आता नाही. चार वर्षांपूर्वी, कोर्टाचा कागद येऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा त्याचा फोन आला होता. दुपारीच, अनोळखी नंबरवरून. आवाज त्याचाच, मला एका शब्दात कळला. दोन दिवसांनी मी तो नंबर लावून पाहिला तर बंद. मी कोणालाही सांगितलं नाही, दिरालाही नाही, आणि सासूबाईंना तर नाहीच.

तेव्हा तो आहे हे मला माहीत आहे. आणि त्यानंतरही अर्जावर ‘विधवा’ लिहिताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलेलं नाही. तो मेला असंच मी मनापासून धरून चालते, आणि वर्ध्याची बस थांबली की उतरणारी माणसं बघते. तुम्ही म्हणाल, डोक्यात दोन उलट गोष्टी राहू शकतात, त्यानं जगाला काही होत नाही. पण माझं डोकं काय जगाबाहेर आहे का, सर? ते इथेच आहे, देवळीत, आणि उद्या सकाळी नदीवर जायचंय. आत जाऊन एक वाक्य बोलले तर सगळं थांबेल. त्या बाईला पोराला जाळावं लागणार नाही. मी सकाळपासून दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

कारण ते एक वाक्य बोललं की दुसरंही बोलावं लागेल. सासूबाई पुढचा प्रश्न विचारतीलच, ‘काय मने तो?’ त्यानं फोनवर एवढंच विचारलं होतं, ‘आई कशी हाय?’ आठ वर्षांनी. तू कशी आहेस, नाही. मी कुठे होतो, नाही. माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली की मी म्हटलं, ‘गेल्या.’ पलीकडे मागे कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं, मग फोन कटला. सासूबाई तेव्हा अंगणात शेंगा फोडत होत्या. त्यानं त्या दिवशी, असेल त्या गावी, जिवंत आईसाठी डोकं भादरून घेतलं असेल.

हा कागद कुठे टाकायचा नाही, आणि टाकायला पत्ताही नाही. सांगायचं ते सासूबाईंना. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारत नाही.