चारी एका दिवसाच्या

मंगळवार, सांज

माझ्या सुनीलच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरला जोडलेल्या डब्यात चार हार्ड डिस्का हायत. गिऱ्हाइकांच्या लग्नाचे समदे फोटो त्यात. काल एक मेली. पोरानं तिच्या जागी नवी बसवली, तर बाकीच्या तिघी आता मेलेलीतले फोटो नवीत भरून काढतायत. मधीच आणखी एक गेली की समदं गेलं. अन् जुन्या चारी त्यानं एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणल्या. एका वयाच्या म्हाताऱ्या एकाच उन्हाळ्यात जातात, एवढं बी कळू नाय?

डबा चटका बसंल इतका तापलाय. पाण्याचा टँकर परवा येणार.

सून म्हणली, "आत्याबाई, डब्याम्होरच्या कूलरात पाणी घातलं तर उद्या आंघोळीला नाय."

"पारोशी रहा. लोक फोटोसाठी परत बोहल्यावर चढतील व्हय?"

दोन घागरी ओतल्या. तरी तेच डोक्यात, चारी एका दिवसाच्या. आता लाईट गेली तर मी काय करू?