खाली येणाऱ्या गोष्टींची चिठ्ठी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो तो तसाच राहिलो, कमरेत उसण भरली. यालाही इंग्रजीत शब्द असणार, शोधून कळवतो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे. दोन वर्षांपूर्वी तू बाबांना "हात थरथरतात, आता कारखाना सोडा" म्हणालीस, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेणं सोडलंय, म्हणून त्यांच्याविषयी काही लिहीत नाही.

तर विषय असा. एका बड्या हॉटेलच्या सोफा-खुर्च्यांच्या दुरुस्तीचं काम आपल्या कारखान्याकडे येत होतं, पण मॅनेजरची अट की चिठ्ठीवर दोष इंग्रजीत हवा. आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. वस्तूला चिठ्ठी बांधायची, पुढे दोष, मागे मालकाचं नाव, आणि मालक आल्याशिवाय चिठ्ठी सोडायची नाही. बाबांनी चाळीस वर्षं पुढच्या बाजूला एकच शब्द लिहिला, "बसलंय". गादी असो, स्प्रिंग असो, बसलंय म्हणजे बसलंय! मी डिक्शनरी आणली आणि अगं ताई, थक्कच झालो. खाली येणाऱ्या एकेका गोष्टीकडे या लोकांनी किती मन लावून पाहिलंय! मधोमध खचलं तर सॅग. टोकाकडून लोंबलं तर ड्रूप. पाण्यावाचून मान टाकली तर विल्ट. माणूस दमून खुर्चीत धपकन पडला तर स्लंप, आणि न दमताच पोक काढून बसला तर स्लाउच. काम करता करता जोर ओसरत गेला तर फ्लॅग. पडणाऱ्याची एवढी विचारपूस आपल्या घरात तरी कोणी केली का गं? माझ्या अंगावर काटा आला. (हिचं म्हणणं, पंखा जोरात होता.)

मग सरावासाठी घरभर चिठ्ठ्या बांधल्या. पडद्याला ड्रूप, पलंगाला सॅग, हिच्या कुंडीतल्या रोपाला विल्ट. हिने ती वाचली, अर्थ विचारला, आणि आत गेली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात नमुने घेऊन गेलो, तर मॅनेजर नमुने सोडून माझ्याभोवतीच फिरायला लागला. पाठीमागे बराच वेळ थांबला. म्हणाला, "शब्द अगदी अचूक वापरता हो तुम्ही." काम पक्कं! घरी येऊन शर्ट काढला तेव्हा कळलं, पाठीला स्लाउचची चिठ्ठी टाचलेली होती, हिच्या अक्षरात. एवढ्या मोठ्या भाषेने आपली दखल घेतली, मला भरूनच आलं.

फक्त एक चिठ्ठी उरली. लँग्विश. म्हणजे कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून झुरत झुरत क्षीण होणं. असं कुठल्या खुर्चीला होतं? ठेवून दिली टेबलावर.

पाठ ताठ ठेवून लिहिणारा,
तुझा धाकटा

ता. क. बाबांविषयी लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. सोमवारी त्यांनी त्या उरलेल्या चिठ्ठीचा अर्थ विचारला. मी सांगितला. "हं," म्हणाले. मंगळवारपासून ती त्यांच्या सदऱ्याच्या बटणाला बांधलेली आहे. सदरा बदलला की चिठ्ठीही नव्या सदऱ्यावर जाते. जेवण अर्धं झालंय.

आणखी एक ता. क. काल ते खुर्चीत डुलक्या घेत असताना मी ती उलटून पाहिली. मागे मालकाच्या जागी तुझं नाव आहे, थरथरत्या अक्षरात, माहेरच्या आडनावासकट. सोडायला गेलो तर डोळे न उघडता हातावर फटका दिला. "मालक आल्याशिवाय सोडायची नाही," म्हणाले. रविवारी ये.